कडेला लिहिणारी कुसुम

कुसुम, तुझा फोटो हसायला लागला आहे.

तुझ्या पुतण्यानं तो मोबाईलमधल्या कुठल्याशा करामतीत घातला आणि तुझ्या दहाव्याच्या आत पालमभर फिरवला. रेशनकार्डासाठी काढलेला तो फोटो, ज्यात तू फोटोग्राफरकडं ‘लवकर उरक’ अशा नजरेनं बघतेस, तोच आता मान हलवतो, पापण्या मिटतो, मंद हसतो आणि शेवटी हात जोडतो. मागं ढग आहेत. ढगातून एक जिना खाली येतो आणि बासरी वाजते. जिवंतपणी तू कुणाला हात जोडल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाईक आलं तरी तोंडात टाचण्या धरून नुसत्या हनुवटीनं ‘बस’ म्हणायचीस. आता तू अख्ख्या तालुक्याला नमस्कार करतेस आणि लोक खाली रडका चेहरा चिकटवून पुढच्या रीलकडं जातात, जिथं एक कुत्रं टोपी घालून नाचतं.

मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा बघताना सवयीनं खाली तुझा शेरा शोधला. असल्या व्हिडिओखाली तुझा शेरा नाही, हे मला पटलंच नाही.

वाचनालयाच्या ग्रुपवर तू गेल्याची बातमी मीच टाकली. पहिलं उत्तर आलं, ‘हार्दिक अभिनंदन’. न वाचता बोट दाबणारी माणसं आपल्या वाचनालयाची आजीव सभासद आहेत, याचा मला पूर्वी नुसता संशय होता. मग हात जोडणाऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत मधेच कुणीतरी दवबिंदूवाला गुलाब सोडून शुभ सकाळ करून गेलं. एकानं दाढीवाल्या थोर पुरुषाच्या चित्राखाली मरणाबद्दलचं एक वाक्य पाठवलं, जे तो बिचारा जन्मात कधी बोलला नसणार. अशा वाक्यांबद्दल तुझा एक नियम होता. ‘ज्येला दाढी लय, त्येच्या नावावर खपवा,’ म्हणायचीस. मी नंतर ताडून बघितलं, नियम बरोबर होता.

शोकसभाही झाली. अध्यक्ष बोलले. कुसुमताईंचं आणि वाचनालयाचं नातं अतूट होतं म्हणाले. ज्या माणसानं तुझं वाचनालयाचं कार्ड काढून घ्यायला लावलं, त्याच्या तोंडून हे ऐकताना मी सतरंजीच्या दशा मोजत बसले. तुझं माहेरही त्यांनी राणीसावरगावचं उचलून पिंगळीला नेऊन ठेवलं. कुणी दुरुस्त केलं नाही, मीपण नाही. मग दोन मिनिटं मौन झालं, त्यात एकाचा फोन वाजला, आणि तो बंद करायचं सोडून कुणाचा आहे ते बघत बसला. तू असतीस तर मला कोपरानं ढोसलं असतंस आणि आपण दोघी पदर तोंडाला लावून बाहेर आलो असतो. लोकांना वाटलं असतं, किती रडायला लागल्या.

आपली मैत्री नावं ठेवण्यावरच उभी होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. बायकांची मैत्री हळदीकुंकवावर, भिशीवर, पोरांच्या लग्नांवर उभी राहते. आपण वीस वर्षांत एकमेकींची ओटी भरली नाही. आपण फक्त जगाला तुच्छ लेखलं, तेही नेमानं. मी ग्रंथपालाच्या टेबलामागं बसून लेखायचे आणि तू पुस्तकाच्या कडेला लिहून.

तू वाचायला लागलीस ती लाइट जाण्यामुळं. वाचनालयाच्या समोरच तुझं शिलाईचं दुकान, मशीनला मोटर बसवलेली. लाइट गेली की मशीन थांबायचं आणि तू रस्ता ओलांडून पायरीवर येऊन बसायचीस. ‘दे कायतरी. जाड दे. आज लवकर येत न्हाई म्हनायलेत,’ असं म्हणून हात पुढं करायचीस. लाइट आली की वाक्य अर्धं टाकून उठायचीस आणि खुणेसाठी पानात टाचणी टोचायचीस. त्या टाचण्यांनी माझी बोटं किती वेळा रक्ताळली याचा राग मला अजून आहे. तू गेलीस म्हणून तो जाणार नाही. तालुक्यात पुस्तकं वाचून माणसं बदलली असतील नसतील, तुझी पुस्तकं हाताळून मी मात्र धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे.

आणि ती पेन्सिल. ब्लाऊजची मापं आखायची, नखाएवढी उरलेली, कानावर ठेवलेली. जाड खाकी कागदावर रेघ उमटवायची सवय, त्यामुळं पुस्तकावरही तू दाबून लिहायचीस. एका कवितासंग्रहाच्या कडेला पहिल्यांदा मला तुझं अक्षर सापडलं. कवीनं सगळी पानं प्रेयसीच्या डोळ्यांवर खर्ची घातली होती. तू लिहिलं होतंस, ‘माप न घेता शिवलंय. कुनाला बी बसंल, म्हंजे कुनालाच न्हाई.’

मी तुला पायरीवरून आत बोलावून झापलं होतं. आठवतं?

‘पुस्तक सगळ्यांचं आहे, कुसुम.’

‘सगळ्यांचं हाय म्हंजे मपलं बी हाय की.’

‘उद्या सगळ्यांनीच लिहायला घेतलं तर?’

‘घेनात का. लय बरं हुईल. तुपल्या ह्या गावात लिहिन्यावानी वाचायलंय कोन?’

मग तू मला शिकवायला लागलीस. ‘हे बघ, आमी ब्लाऊज शिवताना आतून जादा कापड ठेवतो, त्येला माया म्हनतेत. बाई उद्या सुटली तर उसवून वाढवता यावं म्हनून. ह्या पुस्तकाला चारी बाजूनं माया सोडलीय. ती काय देखाव्याला हाय?’

तरी बरोबर मीच होते. एसटीच्या सीटच्या पाठीवर बदाम कोरणारा आणि तू, यात काय फरक, असं मी तुला म्हटलं होतं. तू म्हणालीस, ‘बदाम कोरनारा सीट वाचत न्हाई.’ हे भांडण आपण अर्धं ठेवलं. पुढं कधीतरी बघू, असं दोघींच्याही मनात होतं.

तेव्हापासून माझा शनिवार ठरला. दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसतं. स्पर्धापरीक्षावाले तेवढे वर्तमानपत्रं कापत बसलेले असतात, पण त्यांना मी वाचक म्हणत नाही. तू परत केलेली पुस्तकं समोर घ्यायची, पांढरं खोडरबर घ्यायचं, एका दिशेनं हलक्या हातानं खोडायचं आणि भुगा पुसायचा तुझ्याच दुकानातल्या चिंध्यांनी. गुन्हाही तुझा आणि पुरावा पुसायचं कापडही तुझंच.

एका शनिवारी तू दारात उभी राहून मला खोडताना बघितलंस.

‘मंगल, नुसतं खोडतीस, का वाचतीस बी?’

‘मला एवढा वेळ नाही,’ मी मान वर न करता म्हटलं.

लाइट आली होती, निघून गेलीस.

मी खोटं बोलले, कुसुम. एकूण एक शेरा मी वाचायचे. दोनदा वाचायचे, मग खोडायचे. एका थोर माणसाच्या आत्मचरित्रात तू लिहिलं होतंस, ‘बायकोचं नाव पान ऐंशीला आलं. तवर सैपाक कोन करायलं होतं?’ एका रहस्यकथेच्या तिसाव्या पानावर, ‘खुनी दिवानजी हाय. पुढच्याचा वेळ वाचावा म्हनून सांगायलेय.’ तीनशे पानं रडणाऱ्या एका नायिकेला, ‘बाई, डोळे पुसू पुसू पदर इरला असंल. नवीन साडी घे अन् उठ.’ एका चकचकीत पाककृतींच्या पुस्तकात नुसतंच, ‘हिला चूल म्हाईत न्हाई.’ मी एकटी हसायचे आणि खोडायचे. आठवडाभर मला शनिवारची वाट असायची. खरं सांगायचं तर अख्खी पुस्तकं मी फार थोडी वाचली आहेत, मी तुझ्या कडा वाचल्या. ग्रंथपाल बाईचं हे गुपित कुणाला सांगू नकोस. आता कुणाला सांगणार म्हणा.

का नाही सांगितलं? माझ्यातच शिष्टपणा फार. मी परभणीला शिकून आलेली, ग्रंथालयाचा कोर्स केलेली, आणि तू सातवी. गावातल्या सगळ्यात चांगल्या वाचकाकडं डिग्री नाही, हे मला शनिवारी दुपारी एकटीला मान्य होतं. तोंडावर नव्हतं.

मग तुझ्या हातात मोबाईल आला आणि तुला आणखी मोठी कड मिळाली. ‘कुसुम टेलर पालम’ या नावानं तू दुनियेच्या व्हिडिओंखाली लिहायला लागलीस. स्टेजवर धावत धावत यशाची सूत्रं सांगणाऱ्या एका बाबाला लिहिलंस, ‘दादा, बसून बोला. दम लागायलाय.’ मालिकेच्या तुकड्याखाली लिहिलंस, ‘सासू झोपताना बी शालू नेसती. रोज निऱ्या कोन घालून देतं?’ कुठल्याशा ॲपनं आवडत्या रंगावरून मागचा जन्म सांगितला, तर तू राणी निघालीस. ते तू मला पाठवलंस आणि खाली लिहिलंस, ‘गल्लीतल्या समद्या बायकांला राणीच यायलंय. मागल्या जन्मी भांडी घासनारी कोनच नव्हती वाटतं.’ अनोळखी लोक तुला अंगठे देत होते, बदाम देत होते, पुढं पाठवत होते. मी तुला म्हटलं, ‘फालतू लोकांची फालतू वाहवा.’ खरं म्हणजे मी जळत होते. इतकी वर्षं तुझी एकटी वाचक मी होते.

आता ते वर्धापनदिनाचं लिहायलाच पाहिजे. ते टाळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

आपल्या अध्यक्षांनी स्वतःच्या यशावर एक पुस्तक लिहून स्वतःच छापलं, हे तुला माहीत आहे. त्याच्या प्रती वाचनालयाला भेट म्हणून आल्या आणि एका फळीवर नव्याकोऱ्या उभ्या राहिल्या. गावात ते पुस्तक घरी नेणारी तू एकटी. वर्धापनदिनाला गंगाखेडहून एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून आले. अध्यक्षांनी त्यांच्या हातात आपलं पुस्तक दिलं, कुठलंही पान उघडा आणि वाचा म्हणाले. फळीवरून प्रत काढून आणणारी मीच. कुठली आणली ते मी बघितलं नाही.

प्राध्यापकांचा आवाज चांगला होता. त्यांनी चष्मा लावला आणि धीरगंभीर सुरात वाचायला सुरुवात केली. ‘मी रोज पहाटे चारला उठतो. एक तास वाचन, एक तास चिंतन. ह्यांच्या मंडळीचे ब्लाऊज मी शिवते. ती म्हनती नऊला उठतेत.’ सगळं एका दमात, त्याच सुरात. पानावरचं छापलेलं कुठं संपलं आणि कडेची पेन्सिल कुठं सुरू झाली, हे त्यांना कळलंच नाही. मग मागून कुणीतरी फस्कन हसलं आणि मग काही आवरेना. अध्यक्षांच्या मंडळी पहिल्याच रांगेत होत्या, अंगात तूच शिवलेला ब्लाऊज. त्या खाली मान घालून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

संध्याकाळी समितीची बैठक बसली. तुला बोलावून दारात उभं केलं होतं. अध्यक्षांनी आधी मला विचारलं, ‘मॅडम, परत आलेली पुस्तकं तुम्ही तपासत न्हाईत का?’

मी म्हटलं, ‘तपासते ना. पण मी वाचत नाही हो, नुसती खोडते. हे एक नजरेतून सुटलं.’

नजरेतून सुटलं नव्हतं, कुसुम. ते पान मला तीन शनिवार आधी सापडलं होतं. तीनही शनिवारी मी खोडरबर हातात घेतलं आणि खाली ठेवलं. तुझा सगळ्यात चांगला शेरा तो. मी इतके खोडले होते, हा एक ठेवावा असं वाटलं. तुझं कार्ड गेलं ते तू लिहिलंस म्हणून नाही, मी ठेवलं म्हणून. ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. समितीपुढं माझीही नोकरी होती, आणि धैर्य या विषयावर आपल्या वाचनालयात बरीच पुस्तकं आहेत, ती मी वाचलेली नाहीत.

उलट मी काय म्हटलं, तर ‘कुसुमताई, कार्ड जमा करा.’ इतक्या वर्षांत मी तुला ताई म्हटलं नव्हतं.

तू माझ्याकडं बघितलंस. मग पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलंस. ‘मंगलबाई, एक पुस्तक घरी हाय. वाचून झालं की आनून देते,’ म्हणालीस आणि गेलीस. तुझ्या तोंडून बाई ऐकलं तेव्हा मला कळलं, की ताई कसं लागलं असेल. ते पान अध्यक्षांनी पाहुण्यांसमोरच थुंकीच्या बोटानं पुसायचा प्रयत्न केला होता आणि पानाला भोक पाडलं होतं. साधं खोडताही येत नाही माणसाला.

त्यानंतर लाइट गेली की तू दुकानाच्या पायरीवर बसायचीस, मी वाचनालयाच्या. मधे रस्ता. तू मोबाईल बघायचीस आणि मला काहीबाही पाठवायचीस, मी उत्तराला अंगठा पाठवायचे. एकदा एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी परदेशातला एक माणूस गंजून खडक झालेलं शिलाई मशीन खोलतो, एकेक स्क्रू घासतो, तेल देतो, परत जोडतो. तोंडातून एक शब्द काढत नाही. शेवटी त्याच मशीनवर एक सरळ टीप मारून दाखवतो. तू लिहिलं होतंस, ‘समद्या इंटरनेटवर हा येकलाच गप बसून काम करतो. हात चांगला हाय.’ इतक्या वर्षांत तू कुणाला चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मी लिहिलं, ‘एवढ्या वेळात एखादं पुस्तक वाचून झालं असतं.’

लगेच उत्तर आलं. ‘कार्ड दे मग.’

आणि मी त्यावर अंगठा पाठवला.

त्या अंगठ्याचा अर्थ काय होता, मला अजून सांगता येत नाही. देते असा होता का, बघू असा होता, का नुसता विषय मिटवायचा होता? अंगठ्याची हीच सोय आहे. माणसाला काहीच न बोलता बोलल्यासारखं करता येतं. तुझं कार्ड माझ्याच खणात होतं. रस्ता ओलांडायला मला किती पावलं लागली असती? मी अंगठा पाठवला. ते आपलं शेवटचं बोलणं.

पुढं तुझा आजार, दवाखाना, ते सगळं गावाला पाठ आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही.

तुझं तेरावं झालं आणि मी कपाटं उघडली. रजिस्टर घेऊन तू नेलेलं एकेक पुस्तक काढलं, पान न् पान बघितलं. फोनमधलं ‘कार्ड दे मग’ सोडून मला तुझी एक ओळ पाहिजे होती. एकच. ढगातून हात जोडणारी कुसुम सगळ्यांच्या फोनमध्ये राहणार आणि खरी कुठंच नाही, हे मला सहन होईना. एक ओळही मिळाली नाही. कडा धुतल्यासारख्या पांढऱ्या. टाचण्यांची भोकं होती, बाकी काही नाही. इतकं नीट काम माझ्या हातून आयुष्यात दुसरं कुठलंच झालेलं नाही. लोक म्हणतात इंटरनेटवरचं काही पुसलं जात नाही, म्हणून तिथंही बघितलं. ‘कुसुम टेलर पालम’ या नावाला हात लावला की आता तोच हसरा फोटो येतो. पुतण्यानं तुझे शेरे, म्हणजे सगळा जुना ‘कचरा’, काढून तुझं स्मृतिपान केलं आहे. खोडणाऱ्यांच्यात मी एकटी नाही, एवढंच समाधान.

आज शनिवार. दुपारी लाइट गेली आणि थोड्या वेळानं तुझी सून वर्षा पायरी चढून आली. हातात ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेलं पुस्तक.

‘मावशी, आत्याचं हे ऱ्हायलं होतं. मशीनच्या खणात सापडलं.’

वाचून झालं की आणून देते म्हणाली होतीस ती, तीन पिढ्यांच्या गोष्टीची जाडजूड कादंबरी. मी तिच्या हातातून हिसकावूनच घेतली. उघडली, आणि माझा चेहरा बघून ती पोर घाबरली असेल. सगळ्या कडा खोडलेल्या.

‘हे कुणी केलं?’

‘आत्यानीच. पडल्या पडल्या खोडायच्या. म्हनायच्या, मंगलवर अजून ठपका यायला नको, साफ करून देऊ. हात दुखला की मला द्यायच्या. शेवटची थोडी पानं मीच खोडलीत. का, नीट झालं न्हाई का?’

‘चांगलं झालंय,’ मी म्हटलं.

झालं नव्हतं. कुसुम, खोडणं तुला कधी जमलं नसतं. उलटसुलट घासून काळं फासलंय नुसतं. पेन्सिलीच्या बुडाच्या लाल रबरानं कुणी खोडतं का? मला विचारायचंस. वर्षा गेल्यावर मी तुला मोठ्यानं शिव्या दिल्या आणि पुस्तकावर डोकं ठेवून रडले. स्पर्धापरीक्षावाल्यांनी मान वर करून बघितलं आणि परत चालू घडामोडीत खुपसली.

मग आत नीट दिसेना म्हणून पुस्तक घेऊन खिडकीशी गेले. उन्हं तिरपी आली होती. पान जरासं कलतं धरलं आणि कडेला काहीतरी हललं. शाई नाही, शिसं नाही. नुसते खड्डे. तुझं ते दाबून लिहिणं. खोडरबरानं काळं जातं, दाब जात नाही. पान थोडं इकडं केलं की अक्षर दिसायचं, थोडं तिकडं केलं की नाहीसं. ‘दुसऱ्या पिढीत उसवायला लागलंय.’ ‘हा पोरगा कशाला आनला? पुढं काम न्हाई त्येला.’ मी तशीच कपाटाकडं धावले. थोर माणसाचं आत्मचरित्र काढलं, पान ऐंशी उन्हात धरलं. होतं. ‘सैपाक कोन करायलं होतं?’ इतकी वर्षं मी हात दुखेपर्यंत खोडत होते आणि तू तिथंच होतीस.

ऊन उतरायच्या आत कादंबरीचं शेवटचं पान बघितलं. तुझी रीत होती, पुस्तक मिटताना तळाला निकाल लिहायचीस. तिथं पुस्तकाबद्दल काही नव्हतं. पान तीनदा कलतं केलं तेव्हा ओळ लागली.

‘मंगल वाचती का नुसतीच खोडती, कळलं न्हाई.’

मी टेबलाशी आले. रजिस्टरवर सही करायचं बॉलपेन घेतलं. वीस वर्षांत मी वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्क्याशिवाय काही उमटवलेलं नाही. तुझ्या त्या ओळीखाली लिहिलं, ‘सगळं वाचत होते. पहाटे चारचं पान पण वाचलं होतं, मीच ठेवलं. चूक माझी. मंगल.’ तुझ्यासारखंच दाबून लिहिलं. आणि वाद नको म्हणून बारीक अक्षरात आणखी एक ओळ टाकली, ‘टाचण्यांचं मात्र मी विसरणार नाही.’

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरायला लागला, कादंबरीची पानं फडफडली. मी सवयीनं दाराकडं बघितलं, तू निघालीस का म्हणून.